हाऊ कचरा कोना शे?

(नरडाण्याच्या बचत गटातल्या एका ताईंनी सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण)



रेडिओच्या ताईंनी मला विषय दिला, गाण्याचे मोठे महोत्सव आणि पर्यावरण. घरी सांगितलं तर माझी मोठी जाऊ हसली. म्हणाली, "आपला महोत्सवाशी काय संबंध? आपण तर तिथे भाकरी थापायला जातो." खरंच आहे ते. मी भाकरी थापायलाच गेले होते. म्हणून तिथलंच सांगते.

मागच्या हिवाळ्यात आपल्या भागात गाण्यांचा एक मोठा कार्यक्रम झाला. गावाचं आणि मंडळाचं नाव घेत नाही. कापूस उपटलेलं रान भाड्याने घेतलं होतं. दोन रात्री कार्यक्रम. आधी भजनं, मग अहिराणी गाणी, मग ऑर्केस्ट्रा, आणि शेवटी काय ते तुम्हाला माहीतच आहे. आमच्या गटाला जेवणाचा स्टॉल मिळाला. कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी. गर्दी अशी की दुसऱ्या दिवशी पीठ कमी पडलं. पैसे चांगले सुटले, ते मी लपवत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तवे आणि परात आणायला आम्ही तिघी गेलो. रान पांढरं दिसत होतं. पाण्याची पाऊचं, चहाचे कप, चंदेरी ताटल्या. वारं सुटलेलं, त्यामुळे निम्मं शेजारच्या हरभऱ्यात जाऊन बसलेलं. बांधावर एक म्हातारी मावशी बकऱ्या घेऊन उभी होती. तिनं विचारलं, "हाऊ कचरा कोना शे व माय?"

मी म्हटलं, मंडळाचा. मावशी वाकली. एक चंदेरी ताटली उचलली. तिला आमचा लाल ठेचा लागलेला होता. म्हणाली, "मंग हाई ताटली कोनी शे?"

आम्ही तिघी गप्प.

त्या ताटल्या आम्हीच आणल्या होत्या. स्वस्त मिळाल्या, धुवायची कटकट नाही, म्हणून. आणि मनात असंही होतं की थर्माकोल बंद झालाय, ही तर कागदाची आहे, चालेल. थर्माकोलच्या ताटल्या आपल्या राज्यात २०१८ साली बंद झाल्या. पहिल्यांदा सापडलं तर ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांची कैद. २०२२ च्या १ जुलैपासून देशभर प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे बंद झाले. पण चंदेरी ताटली घरी भिजत घालून बघा. कागद विरघळतो आणि हातात एक पातळ पापुद्रा राहतो. तो प्लॅस्टिकचा. चहाच्या कागदी कपालाही आतून तसंच अस्तर असतं, नाहीतर चहा झिरपून खाली आला असता. उकिरड्यात कागद सडतो, पापुद्रा सडत नाही. पुढच्या वर्षी खतासोबत तो आपल्याच शेतात जातो.

त्यानंतर महिना-दीड महिन्यानं आमच्या गटातल्या एकीच्या गायीनं रवंथ करणं सोडलं. पोट फुगलं. गुरांच्या डॉक्टरांनी पोट उघडून पिशव्यांचा आणि दोरीचा गुंडाळा काढला, पाटीभर. ताटलीला मीठ-तेल लागलेलं असतं, त्या चवीनं गुरं ती ताटलीसकट गिळतात. गाय वाचली, पण ते वेत गेलं, दुधाचे पैसे गेले, आणि गटाचा तिचा हप्ता आम्ही तीन महिने वर्गणी काढून भरला. तो गुंडाळा आमच्याच कार्यक्रमाचा होता असं मी म्हणत नाही. गाय काय काय आणि कुठे कुठे खाते ते कोण सांगणार? पण स्टॉलवर जेवढं सुटलं होतं, त्यातलं बरंच असं परत गेलं.

तेव्हापासून मी शोधत बसले की जगात लोक हे कसं निस्तरतात. मुलाच्या मोबाईलवर बघायचं, रेडिओच्या ताईंना विचारायचं. एक गोष्ट सापडली आणि मला फार नवल वाटलं. इंग्लंडमध्ये ग्लॅस्टनबरी नावाचा गाण्याचा महोत्सव आहे, जगातल्या मोठ्यांपैकी एक. दोन लाखांच्या वर माणूस जमतो. आणि तो भरतो कुठे? एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या रानात! मायकल इव्हिस त्यांचं नाव. १९७० साली त्यांनी पहिला कार्यक्रम केला, तिकीट एक पौंड आणि वर गोठ्यातलं दूध फुकट. म्हणजे आपल्यासारखंच गणित. पाहुण्यांना दूध दिलं की घरच्याला बरं वाटतं.

आता शेतकरी असल्यामुळे त्यांना एक गोष्ट शहरवाल्यांपेक्षा आधी कळते. माणसं गेली की त्याच रानात गायी परत सोडायच्या आहेत. लोक तंबू ठोकतात, त्याच्या लोखंडी खुंट्या मातीत राहतात, त्या गायीच्या खुरात किंवा पोटात जातात. म्हणून कार्यक्रम संपल्यावर शेकडो माणसं कित्येक आठवडे रान वेचतात, आणि ट्रॅक्टरला लोहचुंबक लावून माती फिरवून बघतात. आणखी एक. दर काही वर्षांनी ते एक वर्ष महोत्सवच घेत नाहीत. रान पडीक ठेवतात, गवताला दम खाऊ देतात. २०१८ साली असंच केलं, २०२६ सालीही. आपले आजे-पणजे जमिनीचा एखादा तुकडा पडीत टाकायचे, तसंच. मोठ्या गाण्याच्या कार्यक्रमातही असं करता येतं हे मला पहिल्यांदा कळलं.

पाण्याचं ऐका. २०१७ साली तिथे पाण्याच्या दहा लाखांहून जास्त प्लॅस्टिक बाटल्या वापरल्या गेल्या. २०१९ पासून त्यांनी आत बाटल्या विकणंच बंद केलं. जागोजागी नळ लावले आणि सांगितलं, आपली बाटली आणा, भरून घ्या. दोन लाखांच्या गर्दीला जमतं, तर आपल्या पाच हजारांच्या कार्यक्रमाला पाऊचं कशाला लागतात? चार रांजण, वर ओलं फडकं, लांब दांड्याचे ओगराळे आणि पाणी घालायला दोन पोरं. उन्हाळ्यात आपली पाणपोई अशीच चालते ना?

आपल्या राज्यातलंही सांगते. पुण्याला २०१० पासून वीकेंडर म्हणून गाण्याचा महोत्सव भरू लागला, तरुण पोरांचा. तिथे पुढे मुंबईच्या स्क्रॅप नावाच्या संस्थेनं कचऱ्याचं काम बघितलं. ते काम कसं चालतं हे वाचताना मला आमची चूक नीट कळली. मी समजत होते की कचऱ्याचं काम कार्यक्रम संपल्यावर सुरू होतं. त्यांचं काम महिनाभर आधी सुरू होतं. खाण्याचे स्टॉलवाले ठरले की त्यांना सांगायचं, अमुक ताटली चालेल, तमुक चालणार नाही. जे फाटकातून आत आलंच नाही, ते दुसऱ्या दिवशी वेचावं लागत नाही. जे आलं त्यातलं उष्टं वेगळं, बाटल्या वेगळ्या, पुठ्ठा वेगळा, आणि हे कार्यक्रम चालू असतानाच मागच्या बाजूला निवडत राहायचं. रात्रभर सगळं एकत्र तुडवलं गेलं की सकाळी ते कुणालाच निवडता येत नाही. आम्ही बघितलं आहे.

केरळात तर हे बायांनीच करून दाखवलं. २०१५ साली तिथे राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा एकदाच वापरून फेकायच्या वस्तू टाळायच्या असा नियम केला. तिरुवनंतपुरमला आट्टुकालचा उत्सव असतो. लाखो बाया रस्त्याच्या कडेला तीन विटांच्या चुली मांडून पायस शिजवतात. तिथेही प्लॅस्टिकच्या जागी स्टीलची ताटं, स्टीलचे पेले आले.

मग आम्हीही ठरवलं, भांडी घ्यायची. गटाच्या बैठकीत भांडण झालं हे खरं सांगते. एक म्हणाली, "शिंदखेडा तालुक्यात प्यायला पाणी मोजून मिळतं आणि तू हजार ताटं धुवायला निघालीस?" तिचं चुकलं नव्हतं. ताट धुवायला पाणी लागतंच. पर्यावरण, पर्यावरण म्हणत टँकर मागवला तर काय मिळवलं? शेवटी असं ठरलं. पावसाळा आणि हिवाळ्यात, जिथे विहिरीला पाणी आहे तिथे स्टीलची ताटं. होळीनंतर पानाच्या पत्रावळी.

धुण्याची रीतही आम्ही बसवली. आधी उष्टं झाडून घ्यायचं. मग राख किंवा भुसा लावून कोरडंच पुसायचं, तेलकटपणा तिथेच जातो. मग एका टोपल्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात गरम. तिन्हींचं पाणी वाहू द्यायचं नाही, साचवून वापरायचं आणि शेवटी झाडाला. वाहत्या नळाखाली धुतलं तर दसपट पाणी जातं की वीसपट, मी मोजलेलं नाही, पण एकदा तसं धुतलं आणि ड्रम बघता बघता रिकामा झाला.

पत्रावळीचं आपल्याला काही नवीन नाही. सातपुड्याच्या पायथ्याला पळस आहे. पानं टाचून पत्रावळी करणाऱ्या बाया आहेत, शिरपूरकडच्या बाजारात विचारलं तर मिळतात. वरण-बट्टीला तीच खरी. पातळ वरण असेल तर सोबत द्रोण द्या, नाहीतर लुगड्यावर येतं. एक सावध करते. आता बाजारात "मातीत विरघळणारे" म्हणून महागडे पेले मिळतात, हिरवं पान छापलेले. त्यातले बरेचसे मक्यापासून केलेल्या प्लॅस्टिकचे असतात आणि ते विरघळायला कारखान्यासारखी सतत जोराची उष्णता लागते. आपल्या उकिरड्यात ते तसेच पडून राहतात. पळसाचं पान खड्ड्यात दोन-तीन महिन्यांत माती होतं, त्याच्यावर काही छापावं लागत नाही.

आणि उरलेलं अन्न. बट्ट्या उरल्या की आपण म्हणतो, टाका गुरांपुढे, पुण्य लागेल. टाकू नका. थोडं ठीक, पण टोपलीभर बट्टी किंवा भात एकदम खाल्ला की गायीच्या पोटात आंबतं, ती बसते ती उठत नाही. जेवणाआधी ताटं मोजा, तेवढंच शिजवा, आणि उरलं ते खड्ड्यात.

इथवर ताटलीचं झालं. पण रेडिओच्या ताई म्हणाल्या की अशा कार्यक्रमाचा सगळ्यात मोठा धूर जेवणाचा नसतोच. तो येण्याजाण्याचा असतो, आणि मग जनरेटरचा. मला आधी पटेना. त्यांनी हिशोब सांगितला. एक लिटर डिझेल जाळलं की जवळजवळ पावणेतीन किलो कार्बन वायू हवेत जातो. मी म्हटलं, लिटरभर डिझेलचं वजन तर किलोभरही भरत नाही, मग पावणेतीन किलो आले कुठून? तर जळताना ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं, त्याचं वजन त्यात मिळतं. चुलीतल्या लाकडाचंही तसंच.

कोल्डप्ले म्हणून परदेशी गाणारे आहेत, २०२५ च्या जानेवारीत नवी मुंबईला आले होते. ते सायकली ठेवतात आणि नाचायची खास फरशी ठेवतात, लोकांनी पाय मारले की वीज तयार होते. त्यांनी जाहीर केलं की आधीच्या दौऱ्यापेक्षा दर कार्यक्रमामागे त्यांचा धूर ५९ टक्के कमी झाला. चांगलंच आहे. पण त्यात त्यांचं सामान, त्यांची माणसं, त्यांचा मंच एवढंच धरलेलं आहे. बघायला येणाऱ्यांचा प्रवास वेगळाच राहतो. तो कमी करायला गाण्याची जागा आणि वेळच नीट धरावी लागते.

इथे आपलं नरडाणा भाग्यवान आहे. सुरत-भुसावळ मार्गावरचं स्टेशन आहे, मुंबई-आग्रा रस्ता आहे. कार्यक्रम स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर घेतला आणि शेवटच्या गाडीची वेळ बघून संपवला, तर किती मोटरसायकली आणि छोटे हत्ती रस्त्यावर येणार नाहीत! आमच्या त्या कार्यक्रमाचं रान कुठल्याही थांब्यापासून लांब होतं. रात्री एक वाजता सुटला. बाया पिकअपमध्ये उभ्यानं घरी गेल्या.

जनरेटरच्या जागी महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते, पण ती आधी अर्ज करून घ्यावी लागते. मंडळाचा मांडव पडतो आदल्या दिवशी, मग अर्ज कधी करणार? आपल्याच धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात, साक्रीजवळ शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, आणि आपण मांडवामागे डिझेलचा धूर काढतो.

आवाजाचंही इथेच बोलते, कारण आवाज आणि डिझेल एकाच दोरीला बांधलेले आहेत. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. १० डेसिबल वाढवायचे तर स्पीकरमध्ये दहापट ताकद ओतावी लागते. कानाला मात्र तो दुप्पटच वाटतो. म्हणजे डीजेवाल्यानं १० डेसिबल उतरवले तर त्याची ताकद दहावा हिस्सा लागेल आणि नाचणाऱ्याला गाणं ऐकू येतच राहील. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. वर्षातले १५ दिवस सणासाठी सरकार १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकतं, त्यापेक्षा जास्त नाही.

कुणी म्हणेल, दहाला बंद केलं तर गाण्याची मजा काय? पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव बघा. पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केला. रात्र-रात्र चालायचा, लोक घोंगड्या पांघरून पहाटेचा राग ऐकायला बसायचे. नियम आला तेव्हा त्यांनी वेळ दुपारकडे ओढली. उत्तररात्रीचे राग मागे पडले, रसिक हळहळले, ते नुकसान खरंच आहे. पण महोत्सव टिकला. एवढ्या मोठ्या गवयाच्या महोत्सवाला वेळ बदलता येते, तर आपल्या डीजेला का येऊ नये?

एक गोष्ट पुरुष मंडळी कधी काढत नाहीत, म्हणून मी काढते. संडास. त्या दोन रात्री आम्ही संध्याकाळपासून पाणीच प्यायलो नाही. ऐकायला आलेल्या बायाही तशाच. पुरुष बांधाला गेले. पंढरीच्या वारीतही वर्षानुवर्षं हेच होतं. पालखी पुढे गेली की मुक्कामाच्या गावात पाय ठेवायला जागा नसायची. मग निर्मल वारी सुरू झाली, मुक्कामाच्या ठिकाणी फिरती शौचालयं उभी राहू लागली. आपल्या मुक्ताईची पालखी तर महिनाभराहून जास्त चालते, त्यातल्या बायांना विचारा फरक काय पडला ते. ग्लॅस्टनबरीतही लोकांना बजावून सांगावं लागतं की कुंपणाच्या आडोशाला जाऊ नका, सगळं ओढ्यात उतरतं आणि मासे मरतात. आपलं सगळं पांझरेतून तापीत उतरतं.

तर आमच्या गटानं काय केलं ते सांगून संपवते. या वर्षी त्याच मंडळाची पोरं पुन्हा स्टॉलसाठी आली. आम्ही म्हटलं, येतो, पण आमचं ऐकावं लागेल. पाऊच आत येणार नाही. चहावाल्यासकट सगळ्या स्टॉलना एकच ताटली, एकच पेला, ते आम्ही भाड्याने देऊ आणि आम्हीच धुऊ, धुण्याची मजुरी वेगळी. बायांसाठी चार संडास, दिवा लावलेले, पाण्याची टाकी भरलेली. दहाला गाणं बंद. आणि रान मिळालं तसं परत होईपर्यंत जमीनमालकाकडे मंडळाची अनामत ठेवायची.

पोरांनी तीन गोष्टी मान्य केल्या. दहा वाजताचं "बघू" म्हणाले. अनामतीवर अजून घोडं अडलंय, त्यांचं म्हणणं आहे की गावातल्या गावात विश्वास नाही का. त्यावर आमच्या गटातली सगळ्यात शांत बाई बोलली, ती गायवाली. म्हणाली, "इस्वास शे ना. पन गाय मनी शे."

येत्या सोमवारी पुन्हा बैठक आहे.

तोवर एक निरोप. श्रावणात कानबाई येईल. रोटाच्या जेवणाला आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत पाणी द्यायला ज्या गावांना ताटं-पेले हवेत, त्यांनी आठ दिवस आधी कळवा. ताटं अडीचशे आहेत, पेले तीनशे. वाट्या सध्या कमी आहेत. मागच्या लग्नात सतरा वाट्या गेल्या, ज्यांच्याकडे चुकून आल्या असतील त्यांनी तेवढ्या परत आणून द्या. त्यांच्यावर मागे गटाचं नाव कोरलेलं आहे.

राम राम.